आनंदीबाईंकडे पदवी होती, पण औषध नव्हतं : क्षयानं ऐन तारुण्यात नेलेल्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट

पनवेल : डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येकाला माहीत आहे. अमेरिकेला जाऊन डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्या गेल्या कशानं, असं विचारलं की बरेच जण गप्प बसतात.

आनंदीबाई टीबीनं गेल्या. तेव्हा या आजाराला क्षय किंवा राजयक्ष्मा म्हणत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी प्राण सोडला, तेव्हा २२ वर्षं पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. डॉक्टरकीची पदवी हातात येऊन वर्षही झालं नव्हतं. एकही दवाखाना त्यांना चालवायला मिळाला नाही.

आज त्याच आजाराचं औषध गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. आणि तरीही माणसं ते अर्ध्यात सोडतात. म्हणून आनंदीबाईंचं आयुष्य पुन्हा एकदा नीट बघण्यासारखं आहे.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे. एके काळी जमीनजुमला असलेलं, पण पुढे उतरती कळा लागलेलं हे घर.

वयाच्या ९ व्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा जवळपास २० वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हा त्या काळातला वेगळाच माणूस. बायकोला शिकवायचं या एकाच गोष्टीनं त्यांना झपाटलं होतं. बाकीचे नवरे बायकोनं चूल सोडून पुस्तक धरलं म्हणून रागवायचे, तर हे पुस्तक सोडून चूल धरली म्हणून रागवायचे. त्यांचा स्वभाव मात्र फार कडक. अभ्यासासाठी त्यांनी आनंदीबाईंवर हातही उचलला, हे आनंदीबाईंनीच पुढे पत्रांतून लिहून ठेवलं आहे. ते शिक्षण म्हणजे सगळा गोडवा होता, असं कुणी समजू नये.

अलिबागचे दिवस

कल्याणला माणसांच्या गोतावळ्यात अभ्यास होईना, म्हणून गोपाळरावांनी बदली मागून घेतली ती अलिबागला. अलिबाग म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं, आजच्या आपल्या रायगडचं मुख्य ठिकाण. आनंदीबाईंच्या शिक्षणानं खरा जोर धरला तो इथे. पुढे भारतभर नाव झालेल्या या बाईंची अक्षरओळख पक्की झाली ती आपल्या जिल्ह्यात, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं.

१४ व्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो १० दिवसच जगला. बाळंतिणीला आणि बाळाला बघायला डॉक्टर असता तर ते वाचलं असतं, हे त्यांच्या मनात कायमचं बसलं. पुरुष डॉक्टरला अंग दाखवायची लाज, आणि बाई डॉक्टर कुठे नाही. त्यामुळे किती बायका आणि किती पोरं हकनाक जातात, हे त्यांनी स्वतःच्या घरात बघितलं. डॉक्टर व्हायचं ते इथूनच ठरत गेलं.

नंतर गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर. बाई पुस्तकं घेऊन रस्त्यानं चालली की लोक टिंगल करायचे, नावं ठेवायचे. आनंदीबाई मान खाली घालून चालत राहिल्या, पण चालायच्या थांबल्या नाहीत.

एक पत्र आणि अमेरिकेतली मावशी

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, मदत होईल का, असं त्यात विचारलं होतं. मिशनऱ्यानं धर्म बदलण्याचा सल्ला दिला. जोशी नवराबायकोला ते मान्य नव्हतं. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला.

न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेलं ते मासिक त्यांनी सहज उघडलं आणि हे पत्र वाचलं. बाई ओळखीची ना पाळखीची, देश दुसरा, धर्म दुसरा. तरी त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहून आपल्या घरी राहायला बोलावलं. दोघींची पत्रं सुरू झाली आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

निघण्याच्या आधीपासूनच आनंदीबाईंची तब्येत बरी नव्हती. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागणं असं चालूच होतं. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण गुण आला नाही.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. आपण अमेरिकेला का चाललोय, एकट्या का चाललोय, इथल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज का आहे, हे त्यांनी शे-दोनशे माणसांसमोर सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. तेव्हा त्या १८ वर्षांच्याही नव्हत्या. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. नवरा सोबत नव्हता. जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

जंतू सापडला होता, औषध नव्हतं

आनंदीबाईंच्या प्रवासाच्या वर्षभर आधी एक मोठी गोष्ट घडली होती. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीतल्या बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख या डॉक्टरनं टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. तोवर क्षय म्हणजे आनुवंशिक दोष, घराण्याला लागलेला शाप, असं लोक धरून चालत. कॉख यांनी दाखवून दिलं की हा डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूचा आजार आहे आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्या काळी जगात मरणाऱ्या दर ७ माणसांत १ जण या रोगानं जायचा, असं तेव्हा सांगितलं जाई. आजही २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात, तो यामुळेच.

योगायोग बघा. आनंदीबाईंनी कलकत्ता सोडलं एप्रिल १८८३ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॉलऱ्याच्या शोधासाठी हेच कॉख कलकत्त्याला येऊन दाखल झाले.

पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नसतं. चोराचं तोंड दिसलं होतं, त्याला धरायचं कसं ते कळलं नव्हतं. पुढची ६० वर्षं डॉक्टरांकडे टीबीवर सांगण्यासारखं एवढंच होतं : चांगलं खा, मोकळ्या हवेत राहा, पडून राहा.

थंडी, जेवण आणि पदवी

फिलाडेल्फिया शहरात बायकांचं मेडिकल कॉलेज १८५० पासून होतं. तिथल्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना दाखल करून घेतलं. त्यांच्या शेजारी शिकणाऱ्यांत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली होत्या. तीन देशांच्या तीन मुली आपापल्या देशी पोशाखात एकत्र बसलेल्या, असा त्यांचा फोटो आजही उपलब्ध आहे.

आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, मांसाहार धरला नाही, श्रीरामपूरला दिलेला शब्द मोडला नाही. पण कोकण-देशावरच्या हवेत वाढलेलं अंग आणि तिकडची हाडं गोठवणारी थंडी. पोटाला सवयीचं अन्न नाही. अभ्यास रात्रंदिवस. आधीच खंगलेलं शरीर आणखी खचत गेलं आणि टीबीनं त्यांना गाठलं.

तरीही त्यांनी अभ्यास पुरा केला. शेवटचा प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या बाळंतपणाच्या शास्त्रावर. १० दिवसांत गेलेलं आपलं बाळ त्या विसरल्या नव्हत्या, एवढं त्यावरून समजतं.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर राहिल्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. इंग्लंडच्या राणीकडूनही अभिनंदन आलं.

इकडे कोल्हापूर संस्थाननं त्यांना बोलावणं धाडलं. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आज ज्याला सगळे सीपीआर म्हणतात तिथे, बायकांच्या वॉर्डाचा कारभार त्यांच्या हाती द्यायचं ठरलं होतं. नोकरी तयार होती, खोलीत रुग्ण होते, फक्त डॉक्टरीणबाई यायच्या होत्या.

नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबई बंदरात उतरल्या. लोकांनी स्वागत केलं. पण बोटीतून उतरलेली बाई आजारानं पुरती पोखरलेली होती. कोल्हापूरला जाऊन कामाला लागणं दूरच राहिलं. पुण्याला नातेवाइकांत आणलं, औषधपाणी केलं, पण कशाचाच उपयोग झाला नाही. तीन महिन्यांत सगळं संपलं.

आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, मावशींच्या घरच्या जागेत ती ठेवली. तिथला दगड आजही आहे.

औषध आलं, ५६ वर्षांनी

टीबीवरचं पहिलं खरं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, १९४३ मध्ये सापडलं. न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यानं ते मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवलं. नाव स्ट्रेप्टोमायसिन. ज्या राज्यात आनंदीबाईंच्या मावशी राहत होत्या, त्याच राज्याच्या मातीत औषध होतं. ते शोधायला आनंदीबाई गेल्यावर ५६ वर्षं लागली.

इंग्लंडमध्ये १९४७ मध्ये या औषधाची चाचणी झाली. ५५ रुग्णांना इंजेक्शन दिलं, ५२ रुग्णांना फक्त विश्रांती. ६ महिन्यांत इंजेक्शनवाल्यांपैकी ४ गेले, विश्रांतीवाल्यांपैकी १४. डॉक्टर लोक आनंदले. पण थोड्याच दिवसांत एक वाईट गोष्ट दिसली. सुधारलेले बरेच रुग्ण पुन्हा आजारी पडू लागले, आणि आता तेच इंजेक्शन त्यांना लागू होईना. जंतू औषधाला सरावला होता.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एकच फवारणी वर्षानुवर्षं मारली, तीही कमी मात्रेनं, की चार किडी त्यातून वाचतात. त्यांचीच पिल्लावळ वाढते आणि पुढच्या वर्षी त्या औषधाला कीड जुमानत नाही. टीबीच्या जंतूचं तसंच. करोडो जंतूंत मोजके असे निघतात की ज्यांच्यावर एखादं औषध चालत नाही. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हे उरतात.

म्हणून डॉक्टरांनी एकावेळी दोन-तीन औषधं मिळून द्यायची पद्धत काढली. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. आज साध्या टीबीला पहिले २ महिने ४ औषधं आणि पुढचे ४ महिने ३ औषधं देतात ती याच कारणानं. त्यातल्या रिफॅम्पिसिननं लघवी केशरी रंगाची होते. त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत.

या कामात आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि अशी औषधं देशात बनू लागली. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासानं दाखवलं की टीबीचा रुग्ण घरी राहून नीट गोळ्या घेईल तर तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. लांबच्या इस्पितळात महिनोन्‌महिने पडून राहायची गरज जगभर संपली ती तिथून. आता तपासणीचं ट्रूनॅट हे छोटं यंत्रही गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे. थुंकीत जंतू आहे का आणि त्याच्यावर रिफॅम्पिसिन चालेल का, हे ते काही तासांत सांगतं.

अर्ध्यात सोडलेल्या गोळ्या

तरीही जगातल्या दर ४ टीबी रुग्णांमागे साधारण १ भारतात आहे. आणि अवघड झालेला टीबी, ज्याला एमडीआर म्हणतात, तो वाढतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे मध्येच सोडलेले उपचार.

होतं काय, तर महिना-दीड महिना गोळ्या घेतल्या की खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटतं आपण बरे झालो. त्यात गोळ्यांनी मळमळ होते. भातलावणीची घाई असते, नाहीतर बिऱ्हाड वीटभट्टीवर जायचं असतं. गोळ्या सुटतात. पण आत जंतू मेलेले नसतात. अर्धवट बेणणी केलेल्या शेतासारखं ते. वरून शेत साफ दिसतं, खाली मुळं तशीच.

मग आजार उलटतो आणि नेहमीची औषधं चालत नाहीत. एमडीआर म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षं उपचार लागायचे, रोजच्या इंजेक्शनांनी काहींचं ऐकू येणं जायचं. आता बेडाक्विलिनसारखी नवी औषधं आली आहेत आणि बऱ्याच रुग्णांसाठी ६ महिन्यांची नवी पद्धतही देशात मंजूर झाली आहे. पण ती शेवटची फळी आहे. तीही अर्ध्यात सोडली तर पुढे फार काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असा हट्टी जंतू खोकल्यातून घरातल्या दुसऱ्याला जातो तेव्हा तो हट्टीच जातो. म्हणजे ज्या पोरानं जन्मात टीबीची गोळी खाल्ली नाही, त्याला पहिल्याच झटक्यात एमडीआर होऊ शकतो. बापानं सोडलेल्या गोळ्यांची शिक्षा पोराला होते.

खोकला लपवू नका

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त यातलं काहीही असलं तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. साखरेचा आजार असलेले, दारू-विडीची सवय असलेले आणि पोटभर जेवण न मिळणारे यांना धोका जास्त.

कामासाठी दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जायचं असेल, तर जाण्याआधी आरोग्य केंद्रात सांगावं. नोंद संगणकावर असते, त्यामुळे उपचार तिकडच्या सरकारी केंद्रात पुढे चालू ठेवता येतात. वीटभट्टीवर गेलं म्हणून गोळ्या सोडायचं कारण नाही. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला १००० रुपये जमा होतात. ते खाण्यावरच खर्च करावेत. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरी सकस शिधा दिल्यावर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. शंका असेल तर १८००-११-६६६६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

टीबी झाला म्हणून सुनेला माहेरी धाडणं, ताट-वाटी वेगळी करणं, मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार झाकणं, हे प्रकार आता थांबले पाहिजेत. टीबी ताट-वाटीतून पसरत नाही, खोकल्यातून पसरतो. रुग्णानं तोंडावर रुमाल धरावा, घराची खिडकी उघडी ठेवावी आणि गोळ्या नेमानं घ्याव्यात. नेमानं औषध चालू झालं की साध्या टीबीचा रुग्ण बहुतेक वेळा काही आठवड्यांतच दुसऱ्याला आजार देईनासा होतो.

आनंदीबाईंच्या वाट्याला सगळं आलं. हट्टी नवरा आला, परदेशातली मावशी आली, पदवी आली, राणीचं अभिनंदन आलं, कोल्हापूरची नोकरी आली. एक औषध तेवढं आलं नाही, कारण ते तेव्हा जगात कुठेच नव्हतं. आज ते आपल्या गावच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आहे. ज्याच्या घरात ते चालू असेल, त्यानं शेवटची गोळी संपेपर्यंत ते सोडू नये.